वॉटर ब्रश दाबू नका हो!

मा. संपादक,
स.न.वि.वि.

राखी-गणपती जवळ आले की तुमच्या पुरवणीत कागदी तोरणं, ग्रीटिंग कार्ड असलं काय काय येतं, आम्ही आवडीनं कात्रणं ठेवतो, पण वॉटर ब्रशचा, म्हणजे दांड्याच्या मऊ नळीतच पाणी भरायच्या ब्रशचा, विषय आला की ब्रश दाबा नि रंग पसरवा एवढं सांगून लेखक मोकळे, आणि घोळ नेमका तिथंच होतोय.

अहो तो सारखा दाबायचा नसतोच. पाणी आपलं आपण केसांपर्यंत झिरपत येतं, टोक टेकलं की कागद पाहिजे तेवढं ओढून घेतो. दाबायचा तो फक्त टोक धुवायला किंवा मोठा भाग भिजवायचा असेल तेव्हा, आणि दाब सोडताना टोक रंगात बुडालेलं नको, नायतर रंग आत ओढला जातो नि पुढचं सगळं काम गढूळ.

ब्रश टपकायला लागतो तो बहुतेक वेळा अर्धा रिकामा झाल्यावर. पाणी कमी तर थेंब कमी असंच कुणालाही वाटणार, पण रिकाम्या जागेत हवा भरते, हाताच्या गरमीनं ती फुगते, पाण्याला पुढं ढकलते आणि न दाबताच तयार कार्डावर टपकन थेंब! म्हणून अर्ध्यावर आला की लगेच भरून घ्या, आणि पकड मऊ नळीवर न ठेवता पुढच्या कडक भागावर ठेवा. डाव्या हातात जुन्या सुती साडीचा तुकडा पाहिजेच, टिश्यूपेक्षा बरा.

झेरॉक्सच्या ८० जीएसएम (चौरस मीटरला ८० ग्रॅम, म्हणजे पातळ) कागदावर कितीबी जपून करा, तो फुगणारच, त्यात आपल्याकडचा श्रावण, वाळायचं नाव नाही. रंगकामाला ३०० जीएसएमचा वॉटरकलर पेपर घ्या, महाग आहे पण काय करणार. हातकागद फाडून झालरीसारखी कड काढायची असेल तर मात्र हात सैल सोडून पाणी वापरा, जिथं फाडायचं त्या रेघेवरून दोनतीनदा ब्रश फिरवायचा, जरा मुरू द्यायचं आणि दोन्हीकडनं हळू ओढायचं, कात्रीनं तशी कड जन्मात येत नाही.

चित्रकार आबालाल रहमान यांच्या जलरंगांचं कोल्हापूर हे, इथल्या पेपरात पाण्याबद्दल एवढं तरी नीट यावं की! पुढच्या लेखात कागदाचा जीएसएम आणि पकडीचा एक जवळून काढलेला फोटो छापा, त्यासाठी मजकूर थोडा कापला तरी आमची तक्रार नाही.

आपली,
एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर