दरडोई उत्पन्न बघून देशाला ‘पास’ करू नका

संपादक साहेब, नमस्कार,

गरीब देशांची बातमी आली की बहुतेक वेळा एकच आकडा असतो, दरडोई उत्पन्न, आणि तो वाढला की देश सुधारला असं आपण धरून चालतो. मला हे पटत नाही म्हणून लिहितोय.

युनोची सर्वात कमी विकसित देशांची यादी १९७१ पासून आहे, सध्या तिच्यात ४४ देश आहेत. यादीतून बाहेर पडणं म्हणजे प्रगती, मान्य, पण मालदीवचं काय झालं बघा. २० डिसेंबर २००४ ला आमसभेने त्यांना यादीतून काढायचं ठरवलं आणि २६ तारखेला त्सुनामी आली. फक्त सहा दिवस! मग ते पुढे ढकललं गेलं, शेवटी २०११ मध्ये बाहेर काढलं आणि २०१४ पासून युरोपात त्यांच्या टुना माशाला मिळणारी करमाफी पण गेली, आणि पर्यटन सोडलं तर तिथे मासेमारीशिवाय आहे काय? उत्पन्न वाढलं तरी जमीन काही समुद्रापासून उंच झाली नाही ना.

कॅरिबियन बेटांचं तर अजून वाईट. २०१७ च्या सप्टेंबरमध्ये मारिया वादळाने डॉमिनिकाचं जे नुकसान झालं ते त्यांच्या वर्षभराच्या जीडीपीच्या २२६ टक्के होतं, म्हणजे दोन वर्षं देशातल्या सगळ्यांनी राबून कमावलेलं एका रात्रीत गेलं आणि वर अजून देणं राहिलं. त्याच महिन्यात इर्मा वादळामुळे बारबुडा हे अख्खं बेट रिकामं करावं लागलं, एक माणूस ठेवला नाही तिथे. पण हे बेट ज्या देशाचं आहे तो अँटिग्वा-बारबुडा जास्त उत्पन्नाच्या गटात, त्यामुळे स्वस्त कर्जाच्या रांगेत त्यांना जागा नाही.

समुद्रच नसलेल्या ३२ विकसनशील देशांची अडचण वेगळी, तीही या आकड्यात दिसत नाही. इथिओपियाचा ९० टक्क्यांहून जास्त व्यापार शेजारच्या जिबूती देशाच्या बंदरातून होतो, तिथे काही अडलं की यांचं खत, इंधन, औषधं सगळं अडकतं, यांची काही चूक नसताना.

ऑगस्ट २०२४ मध्ये युनोच्या आमसभेने देश किती धोक्यात आहे ते मोजणारा नवीन निर्देशांक मान्य केला, चांगली गोष्ट आहे, पण तो वापरायची सक्ती कोणावरच नाही. कर्ज देणाऱ्या बँकांनी तो वापरलाच पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे. आणि वादळ आलं की हप्ते थांबवायची अट प्रत्येक कर्जाच्या करारात हवी, बार्बाडोसच्या पंतप्रधान मिया मॉटली कधीपासून हेच सांगतायत. हे होऊ शकतं. २०२४ मध्ये बेरिल वादळानंतर ग्रेनेडाने अशीच अट वापरून आपल्या रोख्यांचे हप्ते पुढे ढकलले, तो पैसा त्या वेळी देशातच राहिला. मग सगळ्याच बेटांच्या प्रत्येक करारात ही अट अजून का नाही?

आपला,
एक नियमित वाचक