प्रशिक्षणाला वयाची अट कशाला?

महोदय,
मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावी झालेल्याला दरमहा ६ हजार, पदवीधराला १० हजार रुपये विद्यावेतन ठरले. पण वयाची अट १८ ते ३५! कारखाना बंद पडल्यावर घरी बसणारा बहुधा पंचेचाळिशीतला. मुलांच्या फिया, घराचे हप्ते त्याच्याच मानेवर. कर्मचारी राज्य विमा असेल तर अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेतून निम्म्या पगाराइतकी मदत मिळू शकते, तीही फार तर ९० दिवस. लेथवर (धातू कातण्याच्या यंत्रावर) हयात घालवलेल्याला तेवढ्यात सीएनसीची, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्राची, तोंडओळख नक्की होईल. पण शिकवणार कोण? आयटीआयची यंत्रे संध्याकाळी (निदान आमच्याकडे तरी) बंदच असतात. ती अशा कामगारांसाठी चालू करा आणि विद्यावेतनही द्या.

– एक निवृत्त फिटर, पिंपरी