तंत्रज्ञांच्याही आठवणी नोंदवा

‘मिग-२१’ लढाऊ विमाने उडवणाऱ्या स्क्वाड्रनच्या (हवाई दलाच्या तुकडीच्या) माजी सैनिकांच्या मेळाव्याचे वृत्त (रविवार पुरवणी) वाचले. हुतात्म्यांना वाहिलेली आदरांजली, वीरपत्नींची विचारपूस, सारे मनाला भिडले. मात्र आठवणी आल्या त्या वैमानिकांच्याच. १९६३ मध्ये हवाई दलात आलेले हे विमान २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला निवृत्त झाले. ६२ वर्षे ते उडते ठेवले ते इंजिन, रडार, शस्त्रास्त्रे सांभाळणाऱ्या एअरमननी, म्हणजे हवाई दलातील तंत्रज्ञ जवानांनी. १९७१ च्या युद्धात रात्रंदिवस राबलेले हे हात आज सत्तरीपलीकडे आहेत. त्यातले कितीतरी तर गेलेही. मेळावा भरवणाऱ्या माजी सैनिकांच्या संघटनेने पुढच्या मेळाव्याची वाट न पाहता त्यांच्या घरी जाऊन ध्वनिमुद्रण करावे. वैमानिकांची आत्मचरित्रे निघतात, यांची सहसा निघत नाहीत.

– निवृत्त एअरमनची मुलगी