आस्थापना खर्च अनुज्ञेय नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

स्टार्टअपना मदत करणाऱ्या संस्थांना महापालिकांनी पैसे द्यावेत की नाही, यावर गेले काही दिवस आपल्या पानावर पत्रं येत आहेत. एक बाजू म्हणते, आधी तुंबलेली गटारं बघा. दुसरी म्हणते, तरुणांना पाठबळ दिलं नाही तर ते शहर सोडून जातील. मी दोन्हीकडची पत्रं वाचली. भांडण सगळं रकमेवर चाललंय. मी अशाच एका संस्थेत चौदा वर्षं हिशेब लिहिले आणि मागच्या वर्षी निवृत्त झाले. रक्कम किती यापेक्षा ती कुठल्या लेखाशीर्षाखाली, म्हणजे हिशेबातल्या खर्चाच्या कुठल्या नावाखाली पडते, यावर त्या पैशाचं पुढे काय होणार हे ठरतं. पण हिशेबनिसाला व्यासपीठावर कुणी बोलावत नाही, म्हणून हे पत्र.

आमच्या अनुदानाच्या मंजुरीपत्राला अटींचं एक पान जोडलेलं असे. त्यातली सहावी अट मला अजून पाठ आहे: ‘सदर अनुदानातून आस्थापना खर्च अनुज्ञेय राहणार नाही.’ सोप्या भाषेत, या पैशातून कुणाचा पगार द्यायचा नाही. खुर्च्या घ्या, प्रोजेक्टर घ्या, काचेची भिंत उभी करा, परिषद भरवा, फ्लेक्स लावा. आलेल्या माणसाशी बोलायला माणूस तेवढा ठेवू नका.

अट लिहिणाऱ्याची भीती मला कळते. पगाराला मोकळीक दिली की अध्यक्षांचा भाचा पटावर येतो. येतोच, मी पाहिलंय. पण खुर्च्यांची खरेदी होते तेव्हा दुकान भाच्याचंच निघतं, हेही पाहिलंय. चोरी करणाऱ्याला लेखाशीर्ष आडवं येत नाही, काम करणाऱ्याला मात्र येतं.

आमच्याकडे एक सल्लागार होते. त्यांचा स्वतःचा छोटा कारखाना होता, तो बुडाला होता, आणि ही गोष्ट ते पहिल्याच भेटीत सांगून टाकत. समोर बसलेल्याला पहिला प्रश्न, ‘हे विकत कोण घेणार?’ उत्तर बहुधा ‘लोक’ असं येई. ‘लोक नावाचा माणूस मला अजून भेटलेला नाही. एकाचं तरी नाव सांगा.’ निम्मी मंडळी इथेच गप्प होत.

एकदा एक परिचारिका आल्या. सलाइनच्या स्टँडला लावायची एक पकड त्यांनी स्वतः बनवली होती, रुग्ण उठून चालताना नळी ओढली जाऊ नये म्हणून. मी ती हातात घेऊन बघितली. स्प्रिंग घट्ट होती, कडा मात्र कानस मारून इतक्या गोल केलेल्या की बोटाला कुठे लागत नव्हतं. साठवलेले सगळे पैसे घालून त्या साचा बनवून घ्यायला निघाल्या होत्या. सल्लागारांनी त्यांना एक साधी वही दिली आणि सांगितलं, ‘दहा रुग्णालयांत जा. वापरणाऱ्याला भेटू नका, खरेदीच्या कागदावर सही करणाऱ्याला भेटा.’ दीड महिन्यानं त्या परत आल्या. वहीत डावीकडच्या पानांवर परिचारिकांनी केलेलं कौतुक होतं, कारण बाईंना राहवलं नव्हतं, त्यांनी त्यांनाही विचारलं होतं. उजवीकडे खरेदीवाल्यांची उत्तरं. वेगवेगळ्या शब्दांत जवळजवळ सगळ्यांचं एकच, ‘स्टँडबरोबर फुकट आली तर घेऊ.’ दोघांनी अर्धा तास ती वही पुन्हा पुन्हा वाचली. मग बाईंनी साच्याचा बेत सोडला आणि पकड घेऊन स्टँड बनवणाऱ्यांकडे जायचं ठरवलं. पुढे काय झालं मला माहीत नाही.

आमच्या वार्षिक अहवालात या भेटीला जागा नव्हती. रकाने होते: नोंदणी झालेले स्टार्टअप, मिळालेली गुंतवणूक, निर्माण झालेले रोजगार, घेतलेले कार्यक्रम. एका बाईची आयुष्याची बचत बुडायची वाचली, याची नोंद कुठे करू? कार्यक्रमाचं मात्र बरं असतं. दोनशे माणसं, दोन मंत्री, चार फोटो. रकाना भरतो.

तर या सल्लागारांचं मानधन मी सहा वर्षं ‘प्रशिक्षण कार्यक्रम’ या शीर्षाखाली दाखवलं. कबूल करते. दुसरा मार्ग नव्हता. शेवटी लेखापरीक्षणात ते सापडलंच. लेखापरीक्षक सज्जन होते. म्हणाले, ‘बाई, वर्षाला अडीचशे दिवस प्रशिक्षण? प्रशिक्षणार्थी कोण?’ मी भेटीची नोंदवही पुढे केली. त्यांनी दहा-बारा पानं चाळली. ‘कामाचे स्वरूप’ या रकान्यात बहुतेकांनी ‘विचारपूस’ असं लिहिलं होतं. ते हसले, आणि आक्षेप लिहिला.

माणसाऐवजी वास्तूवर आणि वस्तूंवर पैसा घालायची ही चूक आपल्याच लोकांची आहे असं नाही. आमचे सल्लागार नेहमी बटेव्हियाची गोष्ट सांगत. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातलं हे छोटं गाव. तिथला मॅसी-हॅरिसचा शेती-अवजारांचा प्रचंड कारखाना १९५०च्या दशकात बंद पडला आणि गावात बेकारी पसरली. मॅन्कुसो नावाच्या स्थानिक व्यापारी कुटुंबानं ती इमारत घेतली. एवढी मोठी जागा घेणारा एक भाडेकरू मिळेना, म्हणून त्यांनी तिचे तुकडे करून छोट्या छोट्या धंद्यांना भाड्यानं द्यायला सुरुवात केली. ते साल १९५९. नव्या धंद्यांना जागा आणि आधार देणाऱ्या आमच्यासारख्या संस्थेला इन्क्युबेटर म्हणतात; जगातलं पहिलं इन्क्युबेटर म्हणून त्याचंच नाव घेतात. सुरुवातीच्या भाडेकरूंमध्ये एक कोंबडीची पिल्लं उबवणारा होता, त्यावरून जोसेफ मॅन्कुसो गमतीनं इमारतीला ‘इन्क्युबेटर’, म्हणजे अंडी उबवायचं यंत्र, म्हणू लागले आणि नाव चिकटलं. आज मोठमोठ्या परिषदांत गंभीर चेहऱ्यानं उच्चारला जाणारा शब्द कोंबड्यांमुळे आलाय, हे ऐकून लोक हसत. सल्लागार मात्र पुढचा भाग सांगायचे. जागा स्वस्त आणि थोड्या मुदतीची होतीच, पण कार्यालयीन सेवा सगळ्यांत मिळून होत्या आणि कर्ज उभं कसं करायचं हे सांगायला घरमालक स्वतः हजर असे. बटेव्हियाची नक्कल करताना जगानं इमारत उचलली आणि घरमालक विसरला. (तो पैसा गावच्या तिजोरीतला नव्हता, एका कुटुंबाचा होता, हेही इथे सांगायला हवं. स्वतःचा पैसा अडकला की माणूस आपोआप हजर राहतो.)

नगरपालिकेच्या पैशाचं उदाहरण हवं असेल तर बार्सिलोनाचं घ्या. तिथल्या महापालिकेनं १९८६ मध्ये ‘बार्सिलोना ऍक्टिव्हा’ ही स्वतःची संस्था काढली, तीही जुन्या ऑलिव्हेट्टी कारखान्याच्या आवारात. ती आजही चालू आहे. मला यात वास्तूचं कौतुक नाही, सलगतेचं आहे. अशा कामात पहिली दोन-तीन वर्षं तर कुणाला काय विचारायचं हे कळण्यातच जातात.

आणि ज्यांना अभ्यासाशिवाय काही पटत नाही त्यांच्यासाठी चिली. हा उपक्रम शहराचा नव्हे, देशाच्या सरकारचा. २०१० पासून ‘स्टार्टअप चिली’मध्ये निवडलेल्या उद्योजकांना हिस्सेदारी न मागता सुरुवातीला ४० हजार डॉलरपर्यंत रक्कम आणि बसायला जागा देत. त्यातल्या काहींनाच निवडून पुढे नियमित मार्गदर्शन मिळे: ठरलेल्या दिवशी भेट, मागच्या वेळी ठरवलेलं केलं का याची विचारणा. दोन अभ्यासकांनी थोडक्या फरकानं निवडले गेलेले आणि थोडक्या फरकानं बाहेर राहिलेले यांची तुलना केली. त्यांचा निबंध २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना मार्गदर्शनाची जोड होती त्यांच्या धंद्यात फरक दिसला. नुसते पैसे आणि टेबल मिळालेल्यांत तसा फरक असल्याचा पुरावा मिळाला नाही. म्हणजे आमच्या सहाव्या अटीनं नेमकं ज्याचा उपयोग होतो तेच वगळलं होतं.

अनुदानाच्या हप्त्यांबद्दल थोडक्यात लिहिते, कारण ते लिहिताना माझा रक्तदाब वाढतो. मंजुरी वर्षाच्या सुरुवातीला, पैसे मार्चअखेरच्या आठवड्यात, आणि पैसे खर्च झाल्याचं उपयोगिता प्रमाणपत्र एकतीस तारखेच्या आत. पाच दिवसांत वर्षाचा पैसा कशावर खर्च होतो? लॅपटॉपवर आणि फ्लेक्सवर. एका वर्षी एकाच हॉलमध्ये लागोपाठ तीन दिवस तीन कार्यशाळा झाल्या. तिन्हींना श्रोते तेच होते, एवढंच नाही, तिन्ही दिवशी समोरच्या रांगेत आमचाच कर्मचारीवर्ग बसला होता. मीही होते.

गटारं आधी म्हणणाऱ्यांशी माझं फारसं भांडण नाही. महापालिकेनं स्टार्टअपमध्ये स्वतः भागीदार व्हावं, कुणाला विजेता ठरवून मोठं बक्षीस द्यावं, असं मला मुळीच वाटत नाही. तो जुगार आहे आणि करदात्याच्या पैशानं जुगार खेळू नये. अमेरिकेच्या श्रमसांख्यिकी खात्याची आकडेवारी वर्षानुवर्षं सांगते की नवे सुरू झालेले धंदे पाच वर्षांत साधारण निम्मेच उरतात. तेव्हा आमचे सगळे स्टार्टअप जोरात आहेत असं एखादी संस्था सांगू लागली तर तिचे कागद पुन्हा तपासावेत. बंद पडलेल्यांची यादी नसलेला अहवाल मी तरी खरा मानणार नाही.

पण गटारवाल्यांना एक सांगायचंय. आमच्याकडे दोन मुलं होती. जमिनीखालच्या जलवाहिनीवर कान लावल्यासारखं एक उपकरण ठेवायचं आणि रात्री आवाजावरून गळती शोधायची, अशी त्यांची कल्पना. उपकरण जेवणाच्या डब्याएवढं, झाकणाला पाणी जाऊ नये म्हणून सायकलच्या ट्यूबची कापलेली पट्टी बसवलेली. त्याला गिऱ्हाईक मुळात एकच: पाणीपुरवठा खातं. हे खातं त्याच महापालिकेचं, जिच्या अनुदानातून त्यांच्या बसण्याचं टेबल आलं होतं. निविदा निघाली तेव्हा अट होती, मागील तीन वर्षांची ठरावीक उलाढाल आणि तशाच कामाचा अनुभव. मुलांचं वय धंद्यात नऊ महिने. एका खात्यानं ज्यांना टेबल-खुर्ची देऊन बसवलं, त्यांना दुसऱ्या खात्यानं दारातही उभं केलं नाही. अभियंत्यांना दोष देत नाही. नियम मोडून घेतलं असतं तर चौकशी त्यांचीच झाली असती. सॅन फ्रान्सिस्को शहरानं २०१४ मध्ये यावर वाट काढली: महापालिकेच्या खात्यांनी आपापली अडचण मांडायची आणि निवडलेल्या स्टार्टअपनी सोळा आठवडे त्या खात्याबरोबर बसून तिच्यावर काम करायचं. पुढे शेजारच्या काही शहरांनीही हा उपक्रम घेतला. त्यासाठी मोठी तरतूद लागत नाही. एका गल्लीतली जलवाहिनी आणि चार महिने, एवढं द्यायचं धाडस लागतं. आमच्या त्या मुलांना पहिलं काम मिळालं असतं तर अनुदानाची गरज उरली नसती, आणि कदाचित रस्ता एकदा कमी खणावा लागला असता.

माझं मागणं एवढंच आहे. अनुदान द्यायचं ठरलं तर निदान निम्मं माणसांच्या पगारासाठी द्या आणि तसं कागदावर स्पष्ट लिहा, म्हणजे माझ्यासारखीला लपवालपवी करावी लागणार नाही. एका वर्षाचं न देता तीन वर्षांचं द्या आणि हप्त्याची तारीख पाळा. पगार घेणाऱ्यांची नावं, त्यांचं पदाधिकाऱ्यांशी असलेलं नातं आणि कुणाला किती वेळ दिला याची नोंद संकेतस्थळावर टाका, भाच्याचा प्रश्न त्यानं बराच सुटेल. आणि तपासणीला याल तेव्हा बंद पडलेल्या धंद्यातल्या पाच जणांना फोन करून विचारा की तुम्हाला इथे काय सांगितलं होतं आणि केव्हा. आपल्या वार्ताहरांनीही परिषदेच्या बातमीऐवजी कधीतरी हे पाच फोन करून बघावेत.

आमच्यावरचा तो लेखापरीक्षणाचा आक्षेप मी निवृत्त होईपर्यंत निकाली निघाला नव्हता. सल्लागारांचं मानधन मध्येच बंद झालं आणि ते दुसरीकडे गेले. त्यांच्या खोलीत आता थ्रीडी प्रिंटर आहे. तो भांडवली खर्चातून घेतलेला असल्यामुळे त्यावर कुणाचा आक्षेप नाही.

आपली,
एक निवृत्त हिशेबनीस