खुर्चीवर बसण्याआधी

मेलबर्न
१२ ऑक्टोबर २०२५

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

डिसेंबरात पणजीला महिलांच्या खुल्या टेनिस स्पर्धेत तू पंच म्हणून बसणार, असं भाईने कळवलं. रेषा बघायला लाईनमन नाही, मशीन नाही, सगळ्या रेषा तुझ्या एकटीच्या. तू विचारलंस की टीव्हीवर एवढे कॅमेरे असून भांडणं होतात, मग आपल्या क्लबात न्याय करायचा कसा? हे फोनवर मावत नाही, म्हणून कागद काढला. तिकडे नरकासुराची गडबड असेल. दिवाळी झाली की सावकाश वाच.

आधी डोळ्यांचं सांगतो. नवा पंच चेंडूमागे डोळे फिरवतो आणि तिथेच फसतो. चेंडू रॅकेटवरून सुटला की कुठल्या रेषेकडे निघाला याचा अंदाज घे, नजर आधीच त्या रेषेवर नेऊन ठेव आणि डोकं हलवू नकोस. फिरत्या डोळ्याला टप्पा पुसट दिसतो. रेषा कोर्टाचाच भाग आहे, त्यामुळे चेंडूची कड जरी तिला लागली तरी तो आत. चेंडू आणि रेषा यांच्यामध्ये मोकळी जागा दिसली तरच बाहेर. शंका आली, आत. तुझी खुर्ची नेटच्या रेषेत असणार; जवळची साईडलाईन नाकासमोर, पण बेसलाईन, म्हणजे मागची रेषा, नेटपासून ११.८९ मीटर आणि तीही तिरकस. तुझ्या चुका बहुतेक तिथेच होतील. एका टोकाला शंकेचा चेंडू आत दिलास तर दुसऱ्या टोकालाही द्यायचा, गुण कितीही मोलाचा असो.

'आऊट' टप्पा पडल्याबरोबर म्हणायचं, आधी आवाज, मग हात. उशिरा आलेल्या आवाजावर कोणी विश्वास ठेवत नाही. घाई त्याहून वाईट. मिरामारच्या वाऱ्यात उंच चेंडू बाहेर जातो म्हणता म्हणता रेषेवर उतरतो, आणि तू आधीच ओरडलेली असतेस. मग तिथल्या तिथे 'करेक्शन' म्हणून चूक सुधारायची. समोरचीला तो चेंडू परतवता आला असता तर गुण पुन्हा खेळवायचा. तिच्या आवाक्यातच नव्हता तर फटका मारणारीला गुण द्यायचा.

आपल्याकडे आणखी एक भानगड होते. तांबडी धूळ सिमेंटच्या कोर्टावर येऊन बसते, चेंडू पडला की डाग उठतो, आणि खेळाडू बोट दाखवून म्हणते, हा बघा पुरावा. खुर्चीवरून उतरू नकोस. डाग तपासायचा तो फक्त क्ले, म्हणजे मातीच्या कोर्टावर, असा नियम आहे. तिथेही गुण संपवणाऱ्या फटक्यावर किंवा खेळाडूने खेळ तिथेच थांबवला तरच. पंचांचा अंतिम निर्णय होण्याआधी जिने डाग पुसला तिने तो चेंडू सोडला असं धरतात.

याच नियमाच्या काठावर २०२३ च्या जुलैत बुडापेस्टला एक प्रकार घडला. चीनची झांग शुआई आणि हंगेरीची अमारिसा तोथ, पहिला सेट ५-५. झांगचा फोरहँड रेषेला लागून गेला तरी बाहेर दिला गेला आणि पंचांनी तोच निर्णय कायम ठेवला. झांग वाद घालत राहिली, डाग राहू द्या म्हणत राहिली. तोथ गेली आणि पायाने डाग पुसून आली. ५-६ वर झांग रडत सामना सोडून निघाली, तेव्हा तोथने हात उंचावले. नंतर तिने माफी मागितली. निर्णय आधीच झालेला होता, म्हणून नियमाने तोथला काही झालं नाही. पण त्या डागाचा तिला काही उपयोग नव्हता आणि झांगला होता, एवढं तिला कळायला हवं होतं. खिलाडूवृत्ती म्हणतात ती अशाच वेळी लागते. पुस्तकात लिहिलेलं तर सगळेच पाळतात, पाळावंच लागतं.

आता मशीनचं. २००४ च्या यूएस ओपनमध्ये सेरेना विल्यम्स आणि जेनिफर कॅप्रियाती यांच्या उपांत्यपूर्व सामन्यात लाईनमनने आत ठेवलेला सेरेनाचा फटका पंच मारियाना आल्विश यांनी बाहेर ठरवला. टीव्हीवर तो स्पष्ट आत दिसत होता. खुर्चीने लाईनमनचा निर्णय फिरवायचा तो उघड चूक असेल तरच आणि ताबडतोब. नुसत्या शंकेवर नाही. सेरेना २-६, ६-४, ६-४ अशी हरली आणि चेंडू कुठे पडला ते कॅमेऱ्यांवरून सांगणाऱ्या हॉक-आय यंत्रासाठी ओरड सुरू झाली. २००६ मध्ये मायामीत आणि मग यूएस ओपनमध्ये खेळाडूंना दाद मागायची सोय मिळाली. २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियन ओपनने लाईनमनच काढून टाकले, यंदा विम्बल्डननेही. फ्रेंच ओपनने अजून माणसं ठेवली आहेत.

गंमत म्हणजे मशीनने 'आऊट' म्हटलं की कोणी हूं की चूं करत नाही. देवळात पाकळी उजवीकडे पडली की कौल मिळाला, पुढे प्रश्न नाही, तसंच. पण यंदाच विम्बल्डनला चौथ्या फेरीत पाव्ल्युचेन्कोवा आणि सोने कार्टल यांच्या सामन्यात कौल देणारं यंत्रच कोर्टाच्या एका बाजूला चुकून बंद झालं होतं. पहिला सेट ४-४, पाव्ल्युचेन्कोवाला गेमसाठी एक गुण हवा, कार्टलचा चेंडू उघड लांब पडला आणि मशीन गप्प. पंचांनी गुण पुन्हा खेळवला आणि तो गेम कार्टलला गेला. पाव्ल्युचेन्कोवा शेवटी ७-६, ६-४ जिंकली, म्हणून प्रकरण निवळलं. आयोजकांनी माणसाची चूक म्हणून माफी मागितली. माझं मत विचारशील तर पंचांनी प्रक्रिया पाळली आणि डोळे बाजूला ठेवले. यंत्रावर सगळं सोपवलं की ते बंद आहे हेसुद्धा लवकर लक्षात येत नाही. तुझ्याकडे यंत्र नाही, याचं फार वाईट वाटून घेऊ नकोस.

शिवाय यंत्र फक्त रेषा सांगतं. बाकी सगळं खुर्चीचंच काम, आणि मोठी भांडणं तिथलीच.

सर्व्हिसच्या वेळी आधी परतवणारीकडे बघ, मग सर्व्हरकडे. ही सवय नसली की काय होतं ते २००३ च्या फ्रेंच ओपनच्या उपांत्य सामन्यात दिसलं. तिसऱ्या सेटमध्ये सेरेना ४-२, ३०-० पुढे. ती सर्व्हिस करताना जस्टिन एनंने 'थांब' म्हणून हात वर केला. सर्व्हिस नेटमध्ये गेली. सेरेनाने पहिली सर्व्हिस पुन्हा मागितली. पंचांनी हात पाहिला नव्हता आणि एनं गप्प बसली. परतवणारी तयार नसताना सर्व्हिस करायची नाही, हा नियम आहे, पण पाहिलं नाही तर लावणार कुठून? एनंने तो सेट ७-५ घेतला. पंचांची नजर चुकली, हे होतं. एनंचं गप्प बसणं मला जास्त खटकतं.

दोन टप्प्यांचंही तसंच. यंदाच्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये एमा नवारोविरुद्ध इगा श्वियाँतेकने उचललेला चेंडू दोनदा टप्पा पडलेला होता. पंचांना तो दिसला नाही, आणि नवारो पुढचा फटका खेळून गेल्यामुळे तिला व्हिडिओ मागता आला नाही. टॉसच्या वेळी दोघींनाही सांगून ठेव: शंका असेल तर खेळ थांबवा आणि लगेच विचारा, गुण संपल्यावर नाही. आणि तुला दोन टप्पे दिसले तर 'नॉट अप' म्हणून तिथेच थांबव. रेषेच्या शंकेत चेंडू आत धरतो, तसंच इथेही. नक्की दिसल्याशिवाय बोलायचं नाही.

मग ओरडणं. २०११ च्या यूएस ओपनच्या अंतिम सामन्यात सेरेनाने फोरहँड मारला आणि समॅन्था स्टोसर चेंडूपर्यंत पोचायच्या आत 'कम ऑन' अशी आरोळी दिली. पंच एव्हा असदेराकी यांनी गुण स्टोसरला दिला, तोही ब्रेक पॉइंटवर, म्हणजे सेरेनाच्या सर्व्हिसचा गेम जाईल अशा वेळी. प्रेक्षक खवळले, निर्णय बरोबर होता. मुद्दाम काढलेल्या आवाजाने समोरचीला अडथळा झाला तर गुण जातो. खिशातून चेंडू पडणं, टोपी उडणं अशा न ठरवता झालेल्या अडथळ्याला पहिल्यांदा लेट, म्हणजे गुण पुन्हा. फटका मारताना निघणारा हुंकार वेगळा, तो चालतो. आपल्या क्लबात मात्र कठड्यावरून मामा-मावश्या ओरडतील. त्यांना नियम लागू नाही, रेफ्रीला, म्हणजे स्पर्धेच्या मुख्य अधिकाऱ्याला, बोलावून गप्प करायचं.

वर्तणुकीच्या शिक्षांची पायरी पाठ कर: पहिला भंग ताकीद, दुसरा एक गुण, तिसरा एक गेम, आणि पुढच्या प्रत्येक भंगाला गेम किंवा रेफ्री म्हणेल तर सामन्यातून बाद. पायऱ्या सामनाभर चालू राहतात, सेट बदलला म्हणून पुसल्या जात नाहीत. २००९ च्या यूएस ओपनमध्ये किम क्लायस्टर्सविरुद्ध हेच झालं. पहिल्या सेटमध्ये रॅकेट आपटल्याची सेरेनाला ताकीद मिळाली होती. दुसऱ्या सेटला ५-६, १५-३० वर फूट फॉल्ट (सर्व्हिस करताना पाय रेषेला लागणं) दिला गेला, ती लाईनमनवर तुटून पडली, आणि दुसऱ्या पायरीची शिक्षा नेमकी मॅच पॉइंटवर आली. सामना तिथेच संपला.

२०१८ च्या यूएस ओपनचा अंतिम सामना तुला आठवत असेल, सेरेना आणि नाओमी ओसाका, पंच कार्लोस रामोस. प्रशिक्षकाने गॅलरीतून खूण केली म्हणून ताकीद. रॅकेट मोडली म्हणून गुण. पंचांना 'चोर' म्हटलं म्हणून गेम, ज्याने ओसाकाच्या बाजूने ४-३ चं ५-३ झालं. नंतर १७,००० डॉलर दंड. प्रशिक्षकाने खूण केल्याचं स्वतः कबूल केलं होतं. तिन्ही निर्णय पुस्तकाप्रमाणे बरोबर. तरीही पहिल्या खुणेच्या वेळी 'तुमच्या प्रशिक्षकांना आवरा' एवढं कोर्टाची बाजू बदलताना हळूच सांगता आलं असतं, असं मला अजून वाटतं. रॅकेट मोडल्यावर तशी मुभा नसते. म्हणजे सौम्य शब्द पहिल्या पायरीच्या आधीच वापरायचा, आणि एकीला वापरलास तर दुसरीलाही. खरं तर २०२५ पासून आंतरराष्ट्रीय नियमांनी कोर्टाबाहेरून सूचना द्यायला परवानगी दिली आहे, पण ती वापरायची की नाही हे स्पर्धेवर सोपवलं आहे. तुमच्याकडे काय चालणार, हे रेफ्रीला आधी विचारून फलकावर लिहून घे.

शिक्षा सांगण्याआधी पूर्ण बघ. २०२३ च्या फ्रेंच ओपनमध्ये दुहेरीत मियू कातोने दोन गुणांच्या मध्ये सहज पलीकडे टोलवलेला चेंडू बॉलगर्लच्या मानेला लागला. पंचांनी ताकीद दिली. मुलगी रडते आहे, असं बूझकोव्हा आणि सोरिबेस तोर्मो या प्रतिस्पर्ध्यांनी लावून धरलं, रेफ्री आले आणि कातो व तिची जोडीदार सुत्जियादी बाद झाल्या. हेतू नव्हता हे सगळ्यांना दिसत होतं, तरी कातोचे क्रमवारीचे गुण आणि बक्षिसाची रक्कम गेली. (त्याच स्पर्धेत तिने मिश्र दुहेरी जिंकली.) तिथे ताकीद आधी आणि चौकशी मागाहून झाली. तू उलटं कर. खुर्चीवरून उतर, लागलेल्याला बघ, रेफ्रीला बोलाव, मगच तोंड उघड. आणि प्रतिस्पर्ध्यांकडून साक्ष घेऊ नकोस.

वेळ: दोन गुणांत २५ सेकंद, बाजू बदलताना ९०, सेट संपल्यावर १२०. उपचाराला ३ मिनिटं, पण ती डॉक्टर तपासून तयार झाल्यावर सुरू होतात. त्याचा गैरफायदा घेतला जातो, आणि तो पंचाला सिद्ध करता येत नाही. घड्याळ दाखवत राहण्यापलीकडे तुझ्या हातात काही नाही.

सुरुवातीच्या फेऱ्यांना पंच नसेल, तेव्हा खेळाडूंना हे छापून द्या. आपापल्या बाजूच्या चेंडूचा निर्णय आपण द्यायचा. सर्व्हरने प्रत्येक गुणाआधी स्कोअर मोठ्याने म्हणायचा. चुकून 'आऊट' म्हटलं आणि मग चेंडू आत होता हे कळलं, तर पहिल्यांदा गुण पुन्हा. त्याच सामन्यात तीच चूक दुसऱ्यांदा केली तर गुण गेला. स्कोअरवरून वाद झाला तर दोघींना मान्य असलेले गुण कायम ठेवायचे आणि फक्त वादाचे पुन्हा खेळायचे. मागच्या वर्षीचं अंतिम सामन्याचं भांडण मला कळलं, ते एवढ्याने मिटलं असतं.

नेटला लागून पलीकडे पडलेल्या चेंडूबद्दल माफी म्हणून हात वर करायचा की नाही, हे पुस्तकात नाही. यंदा यूएस ओपनला टेलर टाउनसेंडने हात वर केला नाही म्हणून येलेना ओस्तापेंको सामन्यानंतर तिच्यावर तावातावाने बोलली. शिष्टाचार दुसऱ्याकडून वसूल करता येत नाही. तुझ्यासमोर असा वाद आला तर पुढचा स्कोअर सांग आणि खेळ सुरू कर.

सामन्याच्या दिवशी अर्धा तास आधी जा. नेट मध्यावर ९१.४ सेंटिमीटर, खांबापाशी १.०७ मीटर. दुहेरीच्या नेटवर एकेरी खेळवणार असाल तर साईडलाईनच्या बाहेर ९१.४ सेंटिमीटरवर दोन काठ्या उभ्या कर, नाहीतर कडेला नेट खाली लोंबतं आणि रेषेलगत मारणारीला फुकटचा फायदा मिळतो. दमट हवेत चेंडू लवकर जड होतात. गुण चालू असताना चेंडू फुटला तर तो गुण पुन्हा खेळवायचा, नुसता मऊ पडला म्हणून नाही. पेन्सिली दोन ने, घामाने कागद ओला होतो. कपड्यांची शिवणकामाची टेप ताणली जाते, भाईकडे लोखंडी आहे ती माग.

आईबाबांना आणि आजीला नमस्कार.

तुझा,
सुहासकाका