सेल्माहून आण्णा-आईस

सेल्मा, कॅलिफोर्निया
१४ डिसेंबर २०२५

तीर्थरूप आण्णा आणि सौ. आईस शिरसाष्टांग नमस्कार.

मी खुशाल आहे. जेवणखाण, थंडी, खोली, सगळं दर रविवारी सांगतेच, परत लिहीत नाही. परवा बोलता बोलता फोन कट झाला तो रेंज गेल्यामुळं. मी मुद्दाम ठेवला नव्हता, आईला सांगा.

आण्णा, टीव्हीवर ‘अमेरिकेचं सरकार बंद पडलं’ बघून तुम्ही घाबरलात. १ ऑक्टोबरपासून ४३ दिवस बंद होतं, खरं आहे. पण माझी नोकरी खासगी, एकही पगार चुकला नाही. माझा आरोग्य विमाही ऑफिसचाच. भांडण होतं ते ज्यांना नोकरीतून विमा मिळत नाही त्यांच्या हप्त्यावरून. ओबामांच्या २०१० च्या कायद्यानं अशांना विमा घेता येतो आणि हप्त्यात सरकार मदत करतं. कोरोनात, २०२१ साली, ती मदत वाढवली होती. ती वाढ या ३१ डिसेंबरला संपते. सरकार चालू झालं, तो प्रश्न तसाच राहिला.

आता इथली एक रीत सांगते, मला पहिलं वर्षभर उमगलीच नव्हती. इथं शेतकऱ्याची बायको नोकरी करते ती पुष्कळदा पगारापेक्षा विम्यासाठी. शाळेची बस चालवते, नाहीतर दवाखान्यात कारकून असते. पगार किती, हे कुणी विचारत नाही. ‘बेनिफिट्स आहेत का?’ एवढंच विचारतात. म्हणजे तिच्या नोकरीच्या विम्यात नवरा आणि पोरं बसतात, आणि नवरा निवांत शेती करतो. निवांत म्हणजे काय ते तुम्हाला माहीतच आहे. आपल्याकडं शेती करणाऱ्या पोराला मुलगी मिळत नाही, इथं बायकोच्या नोकरीवर शेती टिकते. गंमत वाटली म्हणून एवढं लांबण लावलं.

गेल्या महिन्यात आमच्या टॅक्सच्या ऑफिसात एक म्हातारं जोडपं आलं. ४० एकर थॉमसन द्राक्षं, आपल्यासारखाच बेदाणा. पण इथं शेड नाही, जाळी नाही, डिपिंगही नाही. ऑगस्टअखेर घड तोडून दोन ओळींच्या मधे जमिनीवर तपकिरी कागदावर पसरतात आणि उन्हात वाळवतात. वरून पाऊस आला की संपलं. म्हाताऱ्यानं हिशेब त्याच कागदाच्या तुकड्यावर लिहून आणलेला, कडेला साखरेचे चिकट डाग. बाईंनी गुडघ्यामुळं बस सोडली, त्याबरोबर विमाही गेला. आता ओबामांच्या कायद्यातल्या विमा-बाजारातून घ्यायचा, तर फॉर्मवर पुढच्या वर्षीचं उत्पन्न लिहावं लागतं. दोघांच्या घराला ८४,६०० डॉलरची रेघ. जानेवारीपासून उत्पन्न त्याच्यावर एक डॉलर गेलं तरी सगळी मदत परत करायची. म्हातारा म्हणाला, “पाऊस कधी येणार ते सांग, मग आकडा लिहितो.” आण्णा, मला तुमचीच आठवण झाली. बाई खाली मान घालून म्हणाल्या, परत बस चालवते.

तुम्ही विचारलंत, हप्ते वाढले की तिकडं खाणं महागणार का? मला तसं वाटत नाही. दुकानात लोक एक डॉलर देतात, त्यातले शेतकऱ्याच्या हातात १५-१६ सेंट पडतात. आणि बेदाण्याचा दर एकटा शेतकरी ठरवत नाही, आपल्या तासगावच्या सौद्यासारखंच. हप्ता वाढला म्हणून दर कोण वाढवून देणार? तो खर्च बाईंच्या गुडघ्यावरच जातो. मोठ्या शेतीचं वेगळं. ५० किंवा जास्त पूर्णवेळ माणसं झाली की मालकानं विमा द्यायचा, आठवड्याला ३० तास म्हणजे पूर्णवेळ. हंगामी तोडणीला १२० दिवसांची सूट आहे. शिवाय तोडणारे मुकादमाचे, ऊसतोडीच्या टोळ्यांसारखे. कितीतरी जणांकडं इथं राहण्याचे कागदच नाहीत, त्यांना या बाजारातून विमा घेताच येत नाही. बरेच जण वेली उपटून बदाम लावतात, बदामाला माणसं कमी लागतात. त्याला विमा एकटा कारण नाही, पडलेला दर आणि मजुरीही आहे.

आईच्या काळजीला उत्तर: मी आजारी नाही, बारीकही झाले नाही, फोटोत तशी दिसते. आण्णांच्या अँजिओप्लास्टीच्या वेळी नव्हते ते मनात आहे, दरवेळी काढू नका. महात्मा फुले योजनेचं कार्ड ५ लाखांपर्यंत चालतं, ते कपाटात न ठेवता पाकिटात ठेवा.

दादाच्या लग्नासाठी ३ लाख सोमवारी पाठवते. यंदा पावसानं घड कमी धरलेत, तेव्हा सोसायटीचं कर्ज वाढवू नका, कमी पडलं तर मला सांगा. २२ फेब्रुवारीला मात्र जमत नाही. इथं शेतकऱ्यांचे टॅक्सचे कागद १ मार्चच्या आत भरायचे असतात, रजा मागायची सोयच नाही. तारीख पुढं ढकलू नका, पाहुणे काय म्हणतील. हळदीला व्हिडिओ कॉल करा, तुमच्या सकाळी माझी रात्र असते, मी जागी राहीन. वहिनीसाठी पैठणी आईनं पसंत करावी, रंग मला विचारू नये.

आणि पुण्याच्या त्या स्थळाचं. फोटो बघितला. ‘नाही’ म्हटलेलं नाही, हे आत्याला कळवा. तो इकडं येणार की मी तिकडं, ते आधी विचारा.

तुमची,
पमी

ता.क. नव्या बेदाण्यातला किलोभर ठेवा माझ्यासाठी, हिरवा. इथला काळा असतो.