बघून मग पत्र लिही

प्रिय बाळ्या,

प्रेमात जीव देणाऱ्यांचे सिनेमे पुरे झाले म्हणालास ना? मग आता जीव घेणाऱ्यांचा बघ. ‘द हनीमून किलर्स’, १९७०, कृष्णधवल. घरातले सगळे झोपल्यावरच लाव.

गोष्ट खरी आहे. अमेरिकेतले रे फर्नांडिस आणि मार्था बेक. एकट्या बायकांना हा गोड गोड पत्रं लिहायचा, लग्नाचं आमिष दाखवून लुबाडायचा, आणि मार्था त्याची ‘बहीण’ बनून सोबत. पुढे खून. ८ मार्च १९५१ ला सिंग सिंग तुरुंगात दोघांनाही विजेच्या खुर्चीवर बसवलं.

दिग्दर्शक लेनर्ड कॅसल हा मुळात ऑपेरा लिहिणारा संगीतकार. आयुष्यात एवढा एकच सिनेमा! आधी दिग्दर्शनाला तरुण मार्टिन स्कॉर्सेसीला, पुढे हॉलिवूडचा बडा दिग्दर्शक झाला त्याला, घेतलं होतं, पण फार रेंगाळतो म्हणून सुरुवातीलाच नारळ दिला. (हे वाचून मला जरा बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.) शर्ली स्टोलरची मार्था लठ्ठ, तिरसट, मत्सरी. बाई पडद्यावर आली की खोली लहान वाटायला लागते. आणि या कोत्या भांडणांच्या मागे महलर या पाश्चात्त्य शास्त्रीय संगीतकाराचं भव्य संगीत! आधी हसू येतं, मग येईनासं होतं.

एक प्रसंग डोक्यातून जात नाही. त्यांच्या जाळ्यात सापडलेली डेल्फीन गुंगीचं औषध देऊन पडलेली आहे, कॅमेरा नुसता तिच्या चेहऱ्यावर. हिचं काय करायचं यावर दोघांची बोलणी चाललीत, ती आपल्याला दिसत नाहीत. अंग हलत नाही, पण तिचे डोळे या आवाजाकडून त्या आवाजाकडे फिरत राहतात. म्हणजे सगळं ऐकू येतंय. मी तिथे थांबवून उठलो, पाणी प्यायलो. रक्त एवढंसंही नव्हतं रे.

शेवट सांगून टाकतो, तुला चालतं. मार्थाला कळतं, रेनं तिच्याशी एकनिष्ठ राहण्याचा शब्द मोडला. ती स्वतःच पोलिसांना फोन करते. मग तुरुंगात तिला त्याचं पत्र येतं, प्रेमाचं. ज्या माणसानं जन्मभर पत्रांतून बायकांना फसवलं, त्याचं पत्र! खरं मानायचं का? मी मानलं, आणि मानलं म्हणूनच झोप लागली नाही.

तू काय मानतोस ते कळव. फोन नको, लिहूनच पाठव.

तुझा,
नंद्या